पसंतीक्रमाचा रकाना

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाचे दप्तर वाशीत आहे, आणि मुंबई, ठाणे, पालघर व रायगड एवढ्या विस्तीर्ण मुलखातील दहावी-बारावीच्या परीक्षांचा कारभार तेथून चालत असल्यामुळे नवी मुंबईला निकालाचे गाव म्हटले तरी वावगे होणार नाही. निकाल जाहीर झाल्यापासून प्रवेशाच्या अर्जाची मुदत संपेपर्यंत जे थोडके दिवस हाती असतात, त्या दिवसांत ऐरोलीपासून पनवेलपर्यंतच्या घराघरांतून उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर असे कागद जमविण्यासाठी जी धावपळ चालते तिच्यात कोणी कसूर करीत नाही. परंतु ज्या विषयाच्या अभ्यासाला मूल आपल्या आयुष्याची तीन, चार किंवा साडेपाच वर्षे देणार आणि ज्याच्या आधारावर पुढे पस्तीस-चाळीस वर्षे उपजीविका करणार, तो विषय कोणता असावा, हा विचार मात्र त्या कागदांच्या गर्दीत शेवटी उरतो आणि पुष्कळदा एका वाक्यात आटोपतो. "टक्के चांगले आहेत, सायन्सच घे," हे ते वाक्य. टक्के थोडे उतरले तर कॉमर्स आणि त्याहून उतरले तर आर्ट्स, असा एक अलिखित शिरस्ता घरोघरी मानला जातो, आणि मुलाला काय आवडते, काय जमते, या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिकेने परस्पर देऊन टाकले आहे असे सर्वांनी गृहीत धरलेले असते.

हा उतरता क्रम विद्यांच्या अंगभूत योग्यतेतून आलेला नाही. तो एका काळाच्या गरजेतून आला आणि गरज पालटल्यावरही तसाच राहून गेला. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्यात कला, विधी, वैद्यक आणि स्थापत्य एवढ्याच विद्याशाखा होत्या. कला शाखेची पदवी ही सरकारी हुद्द्याची किल्ली असल्यामुळे हुशार मुलांचा ओघ साहजिकच तिकडे होता, आणि गणितात पहिला वर्ग मिळविणारे टिळकही बी.ए.च झाले होते. वाणिज्याचे शिक्षण देणारे सिडनम महाविद्यालय निघाले ते १९१३ साली, आणि विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली. पुढे स्वातंत्र्यानंतर धरणे, वीजकेंद्रे आणि आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रसायनांचे व यंत्रांचे कारखाने जसजसे उभे राहू लागले, तसतशी अभियंते आणि रसायनतज्ज्ञ यांना मागणी वाढली, आणि पाऊणशे वर्षांपूर्वी अव्वल असलेली कला शाखा मध्यमवर्गाच्या नजरेत शेवटच्या पायरीवर गेली. जो क्रम असा पार उलटतो, त्याला कायमचे मानून मुलांच्या आयुष्याची आखणी करणे मला धोक्याचे वाटते.

"सायन्स घेतले की सगळ्या वाटा मोकळ्या राहतात," ही या शिरस्त्याची नेहमीची कैफियत. तिच्यात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ती नीट तपासून घ्यावी लागते. विज्ञान शाखेत गेल्यावरही गणित ठेवावे की जीवशास्त्र हा प्रश्न अकरावीच्या उंबरठ्यावरच उभा राहतो. गणित सोडले की वास्तुकला, नौकानयन आणि अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा दुरावतात, आणि जीवशास्त्र सोडले की 'नीट' परीक्षेचा व पर्यायाने वैद्यकाचा मार्ग बिकट होतो. उलट ज्या वाटांवर एखाद्याच शाखेचा हक्क समजला जातो, त्यांपैकी कितीतरी सर्वांना खुल्या आहेत. सनदी लेखापाल होण्यासाठी द्यावयाच्या फाउंडेशन परीक्षेला बारावीची कोणतीही शाखा चालते. विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम, खारघरच्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेतील डिझाइनची पदवी, केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, यांपैकी कशालाही विज्ञानाची अट नाही. तेव्हा केवळ वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी म्हणून ज्या मुलाला भाषेत किंवा इतिहासात गोडी आहे त्याला दोन वर्षे भौतिकशास्त्राच्या क्लासला बसविणे म्हणजे ज्या वाटा त्याच्यासाठी मुळी बंदच नव्हत्या त्यांचे मोल त्याच्या उमेदीतून वसूल करणे होय.

विषय निवडण्यापूर्वी त्याचे प्रयोजन स्वतःला आणि जगाला सांगता यावे, याचे मराठी मुलखातले सर्वांत जुने आणि माझ्या मते आजही सर्वांत उत्तम उदाहरण नवी मुंबईपासून दूर नाही. पारसिकच्या डोंगररांगेपलीकडच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात भाषणाला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. म्हणजे आज बारावीची परीक्षा देणाऱ्या मुलीएवढेच त्यांचे वय होते. त्या अमेरिकेला वैद्यक शिकण्यासाठी निघणार असल्याची वार्ता पसरल्यापासून लोक जे जे आक्षेप घेत होते, त्यांतले सहा प्रश्न त्यांनी त्या सभेत स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले: अमेरिकेलाच का जावयाचे, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकटीनेच का जावयाचे, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय करणार, परदेशात काही संकट ओढवले तर काय, आणि आजवर कोणा स्त्रीने जे केले नाही ते यांनीच का करावे. हिंदू स्त्रियांना स्त्री-डॉक्टरची केवढी निकड आहे हे त्यांनी सांगितले, आणि त्या निकडीची साक्ष त्यांना दूर शोधावी लागत नव्हती, कारण चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले होते. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. पदवीच्या प्रबंधासाठी विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत क्षयाने त्यांचा अंत झाला, आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी योजलेली जागा रिकामीच राहिली. त्यांच्या अल्पायुष्याची हळहळ महाराष्ट्राने पुष्कळ केली आहे. परंतु सतरा वर्षांच्या मुलीने परक्या प्रांतात, भर सभेत, आपला अभ्यासविषय का निवडला याचे जे मुद्देसूद समर्थन केले, त्याकडे आपल्या शिक्षणाच्या विचारात फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. आजच्या प्रवेश अर्जात नाव, गुण, प्रवर्ग, पसंतीक्रम या सर्वांना रकाना आहे. 'का' या प्रश्नाला रकाना नाही, आणि म्हणून तो घरात विचारला जाणे अधिकच अगत्याचे आहे.

निवडीचा विचार करताना हेही विसरता येत नाही की आपल्या समाजात निवड हीच दीर्घकाळ मोजक्यांची मिरास होती. बाबासाहेब आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घ्यावयाचे होते. जातीमुळे ते शिकू दिले गेले नाही आणि त्यांना फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला. १९१३ साली बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि तेथे निवड खऱ्या अर्थाने हाती येताच अर्थशास्त्र हा मुख्य विषय धरून त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र व तत्त्वज्ञान हेही विषय त्यांनी घेतले. जातिव्यवस्थेसारख्या प्रश्नाला एका विद्येचे हत्यार पुरे पडत नाही, हे त्यांच्या पुढील साऱ्या लेखनावरून दिसते. कमला सोहोनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरला, अटी सोसून एक वर्ष काम करून दाखविले, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली. आज करावे गावातल्या किंवा उलव्यातल्या मुलीला कोणत्याही विषयाचे दार कायद्याने बंद नाही. पण "कॉलेज जवळचे हवे", "प्रॅक्टिकल उशिरा सुटतात", "एवढी फी भावासाठी ठेवू" अशा वाक्यांनी ते पुष्कळ घरांत हळूच लोटले जाते, आणि लोटणाऱ्यांच्या मनात मायाच असते म्हणून ते अधिक दुःखद आहे.

व्यवसायाची निवड शास्त्रशुद्ध व्हावी या विचाराला शंभरांहून अधिक वर्षे झाली. बॉस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी त्यासाठी एक केंद्र उघडले, आणि पुढच्या वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वतःची नीट ओळख, कामाचे नीट ज्ञान आणि या दोहोंचा सरळ विचाराने घातलेला मेळ, अशा तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या होत्या, आणि त्यांत भर घालण्यासारखे पुढे फार थोडे निघाले. मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनासाठी स्वतंत्र खाते उघडले. अलीकडे, २०१६ पासून काही वर्षे, राज्य मंडळाने श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने दहावीच्या विद्यार्थ्यांची कलमापन चाचणी घेतली. शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्र आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांकडे मुलाचा ओढा किती आहे याचा तपशील त्यात मिळत असे. चाचणीचा हेतू चांगला होता. परंतु तिच्याने पार्सन्स यांनी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी पहिली, आणि तीही काही अंशी, साधत होती. ज्या मुलाने जहाज आतून पाहिलेले नाही, प्रयोगशाळेत एक दिवस काढलेला नाही, वकिलाच्या कचेरीत दावा कसा तयार होतो हे ऐकलेले नाही, त्याला "हे काम तुला आवडेल काय?" असे विचारल्यावर तो जे उत्तर देतो ते कामाविषयीचे नसते, कामाच्या नावाविषयीचे असते. आपल्याकडे उणीव आहे ती दुसऱ्या गोष्टीची, कामाच्या ज्ञानाची. आणि ही उणीव भरून काढण्याची जेवढी साधने नवी मुंबईच्या परिसरात आहेत तेवढी महाराष्ट्रातल्या फार थोड्या शहरांच्या वाट्याला आली असतील.

नेरूळजवळ करावे येथे खाडीच्या काठी टी. एस. चाणक्य ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. १९२७ साली मुंबई बंदरात नांगरलेल्या 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजापासून तिची परंपरा सुरू होते. १९७२ मध्ये 'राजेंद्र' हे जहाज 'डफरिन'च्या जागी आले, १९९३ मध्ये संस्था जमिनीवर, करावे येथे आली, आणि आज ती भारतीय सागरी विद्यापीठाचा भाग आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायन व गणित यांत साठ टक्के, इंग्रजीत पन्नास टक्के आणि विद्यापीठाची सामाईक प्रवेश परीक्षा, ही झाली कागदावरची पात्रता. मात्र जो डोळा तांबडा आणि हिरवा दिवा अंधारात अचूक ओळखू शकत नाही त्याला जहाजाच्या डेकवर स्थान नाही. म्हणून या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्याने दोन वर्षे क्लासची फी भरण्यापूर्वी एक दिवस नेत्रतपासणीसाठी काढावा. पदवीनंतर कॅडेट म्हणून समुद्रावर काही काळ काढावयाचा, मग सेकंड मेटची परीक्षा द्यावयाची, आणि अधिकारी झाल्यावर चार तास पहारा व आठ तास विश्रांती अशा फेऱ्यांत महिनोन्महिने राहावयाचे. त्या काळात घरी लग्न निघते, आजी अत्यवस्थ होते, गणपती येतो आणि जातो. एखाद्या मुलाला हे सगळे सांगितल्यावरही समुद्राची ओढ उरते, आणि त्याने खुशाल जावे. परंतु पगाराचा आकडा तेवढा ऐकून अर्ज भरणाऱ्याला यातले काहीच कोणी सांगितलेले नसते.

नवीन पनवेलला कळंबोलीच्या महामार्गाजवळ भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. एक्स्प्रेस वेवरून रोज तिच्या आसपासने जाणाऱ्यांपैकी कित्येकांना ती ठाऊक नसेल, म्हणून तिची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालत असे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर, विजेच्या प्रवाहामुळे कुलाब्याची मोजमापे भ्रष्ट होतील हे ओळखून, वेधशाळेचे तत्कालीन संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ही मोजणी समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आली, आणि १९०४ पासून ती तेथे अखंड चालू आहे. याच परंपरेतून निघालेल्या या संस्थेला १९७१ साली स्वायत्तता मिळाली. सूर्यावरील उद्रेकांचे पृथ्वीच्या चुंबकीय आवरणावर होणारे परिणाम, दख्खनच्या काळ्या खडकात गोठून राहिलेली प्राचीन चुंबकीय दिशा, अंटार्क्टिकावरची निरीक्षणे, असे या संस्थेचे विषय आहेत. आणि तिकडे जाण्याचा रस्ता निघतो तो त्याच बी.एस्सी. फिजिक्सपासून आणि जिऑलॉजीपासून, ज्यांच्याविषयी "त्याला स्कोप नाही" असा निकाल सोसायटीच्या फाटकापाशी उभ्या-उभ्या दिला जातो. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे डॉक्टर आणि जीवशास्त्रज्ञ असतात हे सर्वांना सुचते; पण किरणोपचारात रुग्णाच्या शरीरातील गाठीला किती मात्रा मिळावी आणि शेजारच्या निरोगी भागाला किती वाचवावे याचे गणित मांडणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हा मूळचा भौतिकशास्त्राचा एम.एस्सी. असतो, आणि एम.एस्सी.नंतरची त्याची खास पदविका खाडीपलीकडच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मिळते, हे पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसते. वाशी-तुर्भ्याचा बाजार समितीचा आवार, उरणकडचे १९८९ साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आणि नवा विमानतळ यांच्या भोवती सीमाशुल्क, शीतगृहे, विमा, मालवाहतूक यांची जी शेकडो कामे उभी आहेत, त्यांकडे वाणिज्य शाखेची मुले अजून पुरेशी वळलेली नाहीत, एवढेच येथे नमूद करतो.

कला शाखेविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण तिच्यावर सर्वांत मोठा अन्याय होतो आणि तो या शहरात व्हावा हे विशेष खेदाचे आहे. नवी मुंबईची कल्पना १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. पहिले दोघे वास्तुरचनाकार, तिसरे स्थापत्य अभियंते. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादित करण्याचे ठरले. रस्ते आखणे, नोड बसविणे, खाडीवर पूल बांधणे, ही कामे त्या विद्यांनी उत्तम पार पाडली. पण भातशेती आणि मिठागरांवर पिढ्यानपिढ्या जगलेल्या आगरी-कोळी कुटुंबाची जमीन गेल्यावर त्याला काय मिळावे, एकरकमी मोबदला संपल्यावर त्याच्या नातवाने कशावर जगावे, गावठाणाची हद्द कोठे संपते, हे प्रश्न नकाशाने सुटणारे नव्हते. व्यवसायाने वकील असलेल्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, १९८४ च्या जानेवारीत उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या शहरापुढचे सर्वांत कठीण प्रश्न कायदा, अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास यांच्या कक्षेतले होते आणि आजही आहेत. ज्या मुलाला माणसांच्या व्यवहाराविषयी, हक्काविषयी, जुन्या कागदपत्रांविषयी कुतूहल आहे त्याला कमी टक्क्यांचा विद्यार्थी म्हणून कला शाखेत लोटणे, किंवा जास्त टक्क्यांचा म्हणून तिथून ओढून काढणे, यांत शहराचे नुकसान आहे.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येतो. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, जिला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात, विद्यार्थ्याला ऑप्शन फॉर्म भरावा लागतो. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक शाखेला एक संकेतांक असतो आणि त्या संकेतांकांची आपल्या पसंतीने क्रमवार यादी द्यावयाची असते. कोपरखैरण्यातील माथाडी वसाहतीजवळच्या एखाद्या सायबर कॅफेत जुलैच्या संध्याकाळी हे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. मुलगा खुर्चीवर, कांदा-बटाटा बाजारातून थेट आलेले वडील पाठीमागे उभे, टेबलावर गेल्या वर्षीच्या कटऑफची पाने. "बाबा, कॉम्प्युटर नाही मिळालं तर आयटी टाकू का?" वडील म्हणतात, "तू बघ बाळा, मला त्यातलं काय कळतंय?" आणि दुकानातला पोरगा, ज्याच्यामागे आणखी दहा जण थांबले आहेत, कटऑफ उतरत्या क्रमाने लावून सगळी यादी भरून देतो. झाले! गेल्या वर्षी जास्त टक्क्यांना बंद झालेली शाखा वर, कमी टक्क्यांना बंद झालेली खाली. म्हणजे लाखो अपरिचित मुलांची गेल्या वर्षीची पसंती ही या मुलाची यंदाची पसंती ठरली. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारणे भाग असते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून यादीतले निदान पहिले नाव तरी असे असावे की ते मिळाल्यावर घरात कोणी हिरमुसू नये.

यासाठी एक साधी तजवीज सुचवतो. ऑप्शन फॉर्म उघडण्यापूर्वी कागदावर दोन निरनिराळ्या याद्या कराव्यात, एक केवळ शाखांची आणि दुसरी केवळ महाविद्यालयांची, आणि मग ठरवावे की नामांकित महाविद्यालयातील नावडती शाखा आणि साध्या महाविद्यालयातील आवडती शाखा यांत आपल्याला काय पत्करते. शाखांची यादी करताना त्या शाखेच्या तिसऱ्या वर्षाची विषयपत्रिका वाचावी. पहिले वर्ष सर्व शाखांना जवळजवळ सारखेच असल्यामुळे त्यावरून काही बोध होत नाही; तिसऱ्या वर्षी मात्र शाखेचा खरा चेहरा दिसतो. संगणक अभियांत्रिकीत तेथे संगणनाचे सैद्धांतिक गणित आणि नेटवर्क भेटतात, स्थापत्यात मातीचे बल व रचनांचे विश्लेषण. कला शाखेत मानसशास्त्र घेणारी कितीतरी मुले माणसांच्या मनातले ओळखता येईल या आशेने येतात आणि तृतीय वर्षाला चाचण्या व संख्याशास्त्राचा पेपर समोर आल्यावर गांगरतात. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासपत्रिका कोणालाही विनामूल्य पाहता येतात, जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयांत मिळतात. एक दुपार त्यांत घालविली तर जे कळते ते जाहिरातींच्या फलकांवरून कधीच कळत नाही. त्याच्या जोडीला त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या माणसाला गाठावे, आणि त्याला पगार किंवा भवितव्य विचारण्याऐवजी, काल सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय केले, त्यातले कंटाळवाणे कोणते, आणि महाविद्यालयात शिकलेले त्यात कोठे लागले, एवढेच विचारावे. आपल्या शहरात बेलापूर-पेंधर मेट्रो धावू लागली, विमानतळ उभा राहिला, अटल सेतू झाला, आणि तरी स्थापत्य शाखेचे नाव यादीत खाली सरकत गेले. त्या पुलावर राबलेल्या एखाद्या अभियंत्याशी तासभर बोलणे झाले तर काही मुलांची यादी निश्चित बदलेल.

इंटिग्रेटेड महाविद्यालयांविषयी मी स्पष्टच लिहितो. अकरावी-बारावीचे नाव एका महाविद्यालयात आणि शिक्षण क्लासच्या इमारतीत, या पद्धतीत मुलाला जेईई किंवा नीट यांपैकी एकीची तयारी सोडून दुसरे काही दिसतच नाही. ग्रंथालय नाही, वक्तृत्व स्पर्धा नाही, प्रयोगशाळा नावापुरती. ज्या वयात आवड सापडावयाची त्याच वयात ती सापडण्याच्या जागा काढून घेतल्या जातात, आणि परीक्षेत अपेक्षित गुण पडले नाहीत की "ड्रॉप घे" म्हणून आणखी एक वर्ष त्याच खोलीत जाते. ज्याने वैद्यक मनापासून निवडले आहे त्याने एक वर्ष जास्त द्यावे, त्यात गैर काही नाही. पण ज्याने काहीच निवडलेले नाही त्याच्या हातून ते वर्ष निसटते, आणि आईवडिलांनी गावाकडची जमीन गहाण ठेवून भरलेली फीही निसटते.

निवड चुकली तर काय, ही धास्ती स्वाभाविक आहे, आणि तिच्यावर आजच्या व्यवस्थेत पूर्वीपेक्षा अधिक उपाय आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीला मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय आणि इतर विद्याशाखांतले खुले विषय घेता येतात, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष ऑनर्ससाठी देता येते. इरावती कर्वे यांनी फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञानात बी.ए. केले, मुंबईला घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्रात एम.ए., आणि १९३० मध्ये बर्लिनला मानवशास्त्रात डॉक्टरेट. त्या काळात जे अपवादाने घडत होते त्यासाठी आज नियमांत तरतूद आहे. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळविण्याचा मार्गही आहे. हातांनी काम करण्यात ज्या मुलाचा जीव रमतो त्याला अकरावी-बारावीच्या क्लासपेक्षा तो कितीतरी मानवतो, आणि मध्येच थांबण्याची वेळ आली तरी हाती पदविका राहते.

आणि प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मन फिरले, तर आईवडिलांनी घाबरून जाऊ नये. ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द केल्यास नाममात्र रक्कम कापून फी परत देणे बंधनकारक आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या ऑक्टोबरात काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे विद्यार्थ्याचे मूळ दाखले अडकवून ठेवण्याचा अखत्यार कोणत्याही महाविद्यालयाला नाही. अर्ज लेखी द्यावा, त्याच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी, आणि ती प्रत घरच्या फाइलीत गुणपत्रिकेशेजारी लावून ठेवावी.